भविष्यवेधी शालेय शिक्षण : परितेवाडीच्या प्रयोगाचा अन्वयार्थ

प्रस्तावना : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पाठांतराऐवजी आकलन व चिकित्सक विचार यांवर भर दिला आहे. हे परिवर्तन वर्गात कसे साकारते, हे पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील प्रयोग उद्बोधक ठरतो.

प्रयोगाचे स्वरूप : परितेवाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत २००९ मध्ये रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. मोबाईलने कोड टिपताच त्या पाठाशी संबंधित कविता, गोष्टी, चित्रफिती व स्वाध्याय उघडतात. छापील पान स्थिर राहते. कोडमागील सामग्री मात्र विद्यार्थ्याच्या गतीनुसार बदलता येते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला; त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

विश्लेषण : या प्रयोगाचे मर्म कोडमध्ये नसून शिक्षकाच्या निर्मितिस्वातंत्र्यात आहे. कोणत्या विद्यार्थ्यास काय द्यावे, हा निर्णय वर्ग जाणणाऱ्या शिक्षकाचा होता. तोच कोड मध्यवर्ती यंत्रणेकडून छापून आला की शिक्षक निर्माता न राहता केवळ वापरकर्ता उरण्याचा संभव असतो. शिवाय ज्या घरी स्मार्टफोन नाही, तेथे कोड मुकाच राहतो.

समारोप : म्हणूनच साधनांच्या पुरवठ्याइतकेच महत्त्व शिक्षक घडविण्यास द्यावयास हवे. अध्ययनसामग्रीची निर्मिती हा अध्यापक महाविद्यालयांतील प्रशिक्षणाचा गाभा झाला, तरच परितेवाडीचा प्रयोग अपवाद न राहता परिपाठ होईल.