अन्न अंगी कसं लागतं

कुपोषित बाळाला नीट खायला घातलं की ते बाळसं धरतं, ही समजूत चुकीची नाही, पण अपुरी आहे. ढाक्याच्या महाखाली भागातल्या अतिसार संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांना हे अपुरेपण वर्षानुवर्षं दिसत होतं. तिथले लोक या संस्थेला नुसतं 'कॉलेरा हॉस्पिटल' म्हणतात. मीठ-साखर-पाण्याच्या जलसंजीवनीची एक महत्त्वाची चाचणी 1968 साली याच संस्थेने केली होती. तिथे मरणाच्या दारातून परत आणलेली मुलं घरी जात, थोडं वजन घेत आणि तिथेच अडत. उंची खुंटलेली, आजारपण मागे लागलेलं. अन्न पोटात जात होतं, पण अंगी लागत नव्हतं.

या कोड्याचा एक धागा सापडला तो आतड्यातल्या जिवाणूंमध्ये. तो पकडला दोन गटांनी मिळून: ढाक्याला डॉ. ताहमीद अहमद यांचा गट आणि अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांचा गट. त्यांनी काय केलं, हे पायरीपायरीने समजून घेण्यासारखं आहे.

आधी जिवाणूंबद्दल थोडं. प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे साधारण आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. बाळाच्या आतड्यात ही वस्ती जन्मापासून बसू लागते. आईच्या दुधात काही अशा शर्करा असतात ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. दुधातल्या घन घटकांमध्ये दुग्धशर्करा आणि स्निग्धांशाच्या खालोखाल प्रमाण त्यांचंच. त्या जातात बायफिडोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंच्या तोंडी. आईचं शरीर एवढी मेहनत घेऊन जे बनवतं, त्यातला एक वाटा बाळाच्या जिवाणूंसाठी असतो! मला या साऱ्या विषयाचं मूळ इथेच दिसतं. पुढे उष्टावण होतं, भात-डाळ-भाजी सुरू होते, आणि दुधावरच्या जिवाणूंची जागा हळूहळू वनस्पतींचे तंतू फोडणारे जिवाणू घेतात. दोन-तीन वर्षांत वस्ती मोठ्यांसारखी होते.

ती वेळेवर मोठी झाली की नाही, हे कळणार कसं? संशोधकांनी सुरुवात आजारी मुलांपासून केली नाही. आधी निरोगी वाढ कशी दिसते ते पाहिलं. ढाक्याच्या मीरपूर या दाट वस्तीतल्या 50 निरोगी बाळांची शी पहिली दोन वर्षं दर महिन्याला गोळा केली. हे काम ऐकायला सोपं वाटतं. पण शी बाहेर पडल्यावर तिच्यातली वस्ती बदलू लागते, म्हणून नमुना ताबडतोब गोठवावा लागतो, तोही उणे 80 अंशांत टिकवून. म्हणजे क्षेत्रकार्यकर्तीला बाळाच्या घरी वेळेवर पोचायचं, आईचा विश्वास टिकवायचा आणि द्रवरूप नायट्रोजनने गार केलेलं भांडं गल्लीबोळातून न्यायचं. पुढची सगळी गणितं या बाईच्या वक्तशीरपणावर उभी आहेत.

नमुन्यातले जिवाणू ओळखायला प्रत्येकाची पैदास करत बसत नाहीत. कित्येक जाती प्राणवायूत मरतात. त्याऐवजी त्यांचा डीएनए काढतात आणि त्यातलं एकच जनुक वाचतात, 16 एस नावाचं, सुमारे दीड हजार अक्षरांचं. त्याचे काही भाग सगळ्या जिवाणूंत जवळजवळ सारखे असतात, ते यंत्राला पकडायला उपयोगी पडतात. मधले काही भाग जातीगणिक बदलतात, त्यावरून नाव लागतं. कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजलं की वस्तीची शिरगणती होते.

ती संगणकाला दिल्यावर त्याने 24 जाती निवडल्या, ज्यांच्या कमीजास्त प्रमाणावरून बाळाचं वय सांगता येतं. बैलबाजारात जाणता माणूस जबड्यात बघून खोंड आदत आहे, दुसा आहे की चौसा ते सांगतो, तसंच हे. मग ही मोजपट्टी तीव्र कुपोषित मुलांना लावली. 2014 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की या मुलांची जिवाणूवस्ती त्यांच्या वयापेक्षा लहान होती. बाळ दीड वर्षाचं झालं तरी आतलं आतडं जणू पाळण्यातच होतं. उपचारात काहींना आयात केलेली शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट दिली होती, काहींना तिथेच शिजवलेली खिचुरी आणि हलवा. दोन्हींनी वस्ती थोडी पुढे सरकली, पण उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा मागे पडली.

पण वस्ती लहान राहिल्यामुळे मूल खुंटतं की मूल खुंटल्यामुळे वस्ती लहान राहते? याचं उत्तर माणसाच्या बाळावर शोधता येत नाही. इथे उंदीर येतात, तेही जन्मापासून एकाही जिवाणूचा स्पर्श न झालेले.

हे उंदीर पारदर्शक प्लास्टिकच्या बंद तंबूत राहतात. हवा गाळून आत येते. दाणा आणि अंथरूण वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होऊनच आत जातं. तंबूच्या भिंतीला जाड रबरी हातमोजे कायमचे जोडलेले असतात. संशोधक बाहेर उभा राहून त्यांत कोपरापर्यंत हात घालतो आणि पिल्लू उचलतो, तोलतो, पिंजरा साफ करतो. मोज्याला सुईएवढं भोक पडलं तरी महिन्यांचं काम वाया जाऊ शकतं. गॉर्डन यांच्या गटाने 2004 सालीच दाखवलं होतं, की अशा उंदरांत साध्या उंदरांचे जिवाणू सोडले तर खाणं कमी होऊनही दोन आठवड्यांत अंगातली चरबी सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. खाल्लेलं अंगी लावण्यात जिवाणूंचा हात असतो, तो असा.

2016 साली मलावी देशातल्या निरोगी आणि कुपोषित मुलांचे जिवाणू अशा उंदरांत सोडले. दाणा दोघांना एकच, मलावीतल्या जेवणासारखा. कुपोषित मुलांची वस्ती मिळालेले उंदीर कमी वाढले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे निरोगी वस्तीतले जिवाणू दुसऱ्यांच्या पोटात गेले आणि त्यांची वाढ सावरली. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, या शंकेला एवढं चोख उत्तर क्वचितच मिळतं.

आता प्रश्न उरला जेवणाचा. मीरपूरच्या आया मुलांना जे पदार्थ भरवतात, ते एकेक करून उंदरांवर आणि मग पिलावस्थेतल्या डुकरांवर तपासले. मागे पडलेल्या जिवाणूंना कोणता घास वर काढतो ते पाहिलं. हाती आलं ते चण्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि हिरवी केळी. सगळं आपल्याही फडताळातलं. त्यात साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातली आणि त्या मिश्रणाला नाव मिळालं एमडीसीएफ-2.

2021 साली चाचणीचा निकाल आला. मीरपूरची 12 ते 18 महिन्यांची, मध्यम कुपोषित 118 मुलं. अर्ध्यांना हे मिश्रण, अर्ध्यांना नेहमीचा तांदूळ-डाळ-दूधपावडरीचा पूरक आहार, दिवसातून दोनदा, तीन महिने. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरी त्या मुलांनी वजन जास्त वेगाने धरलं. रक्तातल्या जवळपास पाच हजार प्रथिनांची मोजणी झाली. वजनवाढीशी जोडलेली 70 प्रथिनं या मुलांत अधिक बदललेली दिसली, त्यात हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी संबंध असलेलीही होती. पुढे 2024 साली कळलं, की प्रेव्होटेला कोप्राय या जिवाणूचे काही ठरावीक वाण या पिठांमधल्या जटिल शर्करा फोडतात, आणि मुलांच्या वजनवाढीशी त्यांचा संबंध आहे.

चाचणी लहान होती. तीन महिन्यांत उंचीत फरक पडला नाही, वजनातला फरकही डोळ्यांत भरण्याएवढा नव्हता. तरीही मला हे काम मोठं वाटतं. बाळाच्या ताटात किती उष्मांक पडले, एवढंच मोजण्याची सवय त्याने मोडली.

एक विनंती. हे वाचून अशक्त बाळाला घरी बेसन-केळ्याचं मिश्रण करून उपचार म्हणून भरवू नका. त्यातली प्रमाणं आणि खनिजं मोजून ठरवलेली आहेत, आणि तीव्र कुपोषणाला डॉक्टरच लागतो. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल वाढीत मागे वाटत असेल, तर अंगणवाडीत नेऊन दंडाचा घेर मोजून घ्या. साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर आरोग्य केंद्र गाठा, आणि साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी.