रोव्हर्स चषक, १९३७

मुंबईच्या रोव्हर्स चषक फुटबॉल स्पर्धेचा १९३७ चा हंगाम हा या स्पर्धेच्या इतिहासातील निर्णायक हंगाम मानला जातो. या वर्षी बंगळूर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला आणि असे करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. अंतिम सामन्यात त्याने कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा १–० असा पराभव केला. अंतिम फेरीत गोऱ्या पलटणीचा संघ नाही, हेच मुळात नवल होते.

पार्श्वभूमी

रोव्हर्स चषकाची पहिली स्पर्धा १८९१ मध्ये झाली व ती वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकली. दिल्ली-सिमल्याकडील ड्युरँड चषक आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड यांच्याबरोबर देशातील प्रमुख स्पर्धांत तिची गणना होई. या तिन्ही स्पर्धा ब्रिटिशांनी सुरू केल्या होत्या. सैनिकांना रोजचा सराव, चांगला आहार आणि बूट मिळत. नागरी संघांचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून शील्ड जिंकली, तेव्हा त्यांचे अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. परंतु कलकत्त्यातील या यशाची पुनरावृत्ती मुंबईत लवकर झाली नाही. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम फेरीत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४–१ असे नमवले. त्यानंतर आणखी चौदा वर्षे लोटली.

मधल्या काळात मोहम्मेडन स्पोर्टिंगने भारतीय फुटबॉलचे रूप पालटले. हा संघ केवळ बंगाली खेळाडूंवर विसंबून राहिला नाही; बंगळूरसारख्या दूरच्या शहरांतूनही त्याने खेळाडू मिळवले आणि ओल्या मैदानावर बूट घालून खेळण्याची सवय लावली. १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता लीगचे विजेतेपद त्याच्याकडे राहिले. १९३६ मध्ये त्याने शील्डही जिंकली. साहजिकच १९३७ मध्ये त्याचे पारडे जड समजले जाणे स्वाभाविक होते. बंगळूरच्या संघाने मात्र, ज्या शहरातून प्रतिस्पर्ध्याने खेळाडू नेले त्याच शहराच्या बळावर, त्याला एका गोलाने मागे टाकले.

त्या वर्षीचे इतर प्रसंग

याच वर्षी, २३ जून रोजी, सिमल्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना झाली. देशाच्या फुटबॉलची सूत्रे कोणाकडे असावीत यावरून बंगालची आयएफए आणि इतर प्रांतांच्या संघटना यांच्यात त्यापूर्वी वाद चालू होता. पुढे त्याच हंगामात इस्लिंग्टन कॉरिंथियन्स हा इंग्लंडचा हौशी संघ भारताच्या दौऱ्यावर आला. भारतातील त्याचा एकमेव पराभव ढाक्यात झाला.

धर्मावरून संघ ओळखण्याची प्रथा तेव्हा फुटबॉलपुरती नव्हती. मुंबईच्या क्रिकेटमध्ये हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन असे संघ होते आणि १९३७ मध्येच त्यात ‘इतर’ या पाचव्या संघाची भर पडली. नव्या ब्रेबॉर्न मैदानातील आसनवाटपाच्या वादामुळे हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. फुटबॉलमध्ये मात्र खरी चुरस भारतीय संघ आणि लष्करी संघ यांच्यात होती. म्हणून बंगळूरचा विजय केवळ एका समाजाचा विजय ठरवणे योग्य होणार नाही.

नंतरचा काळ

बंगळूर मुस्लिम्सने १९३८ मध्ये आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या लष्करी संघाला हरवून चषक राखला. १९४० मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात बंगळूरचाच पराभव करून जुन्या हिशेबाची परतफेड केली. त्याच वर्षी ड्युरँड चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. स्वातंत्र्योत्तर काळात १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाकडे होता. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, त्या काळी हैदराबाद राज्यातच होते.