जाळी आपण मोकळी ठेवू, चेंबरमध्ये मात्र उतरणार नाही

येरवड्यात जोराचा पाऊस झाला की लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगरच्या उतारावरचे पाणी खालच्या गल्ल्यांकडे धावते. ते वाहून नेण्यासाठी रस्त्याकडेला पावसाळी गटारे आहेत. पण जाळीवर पिशव्या आणि माती बसली की पाणी घराच्या उंबऱ्याकडे वळते. असे का होते आणि आपण काय करू शकतो, हे समजून घेऊ.

आपल्याकडे दोन प्रकारचे पूर येतात. पहिला नदीचा. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाला आणि शांतीनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नदी फुगली की गटाराचे तोंड पाण्याखाली जाते, पाणी उलटे फिरते आणि गल्लीतल्या चेंबरमधून वर येते. अशा वेळी जाळी कितीही स्वच्छ असली तरी उपयोग नाही. तिथे हवी विसर्गाची वेळेवर सूचना आणि नदीच्या तोंडाशी पाणी मागे येऊ न देणारी झडप. ही जबाबदारी प्रशासनाची आहे.

दुसरा पूर गटाराचा. नदी खाली असताना अर्ध्या तासाच्या पावसात गल्ली तुंबते, तो हा. हा बराचसा टाळता येतो. जाळी तुंबली की खालची वाहिनी रिकामी असूनही पाणी रस्त्यावरच राहते. वाहिनीतच गाळ साचला असेल, तर वरची जाळी साफ करून भागत नाही. काढलेला गाळ कडेला ठेवला, तर पहिल्या सरीत तो पुन्हा आत जातो.

इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट बोलली पाहिजे. १४ एप्रिलनंतर फाटलेले फ्लेक्स, थर्माकोल, पाण्याचे ग्लास, अन्नदानाच्या पत्रावळी कुठे जातात? जयंती एप्रिलमध्ये, पाऊस जूनमध्ये. मधल्या दीड महिन्यात हा कचरा जाळीपर्यंत पोहोचतो. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाने रस्ता झाडून कचरा गाडीत दिला, तर तेही बाबासाहेबांना अभिवादनच आहे.

पण एक सीमारेषा पक्की ठेवू. वरून जाळीवरचा कचरा काढायचा, तोही हातमोजे घालून आणि फावड्याने. झाकण उघडून आत कोणीही उतरायचे नाही. अनेक वस्त्यांत पावसाळी गटारात मैलापाणीही मिसळते आणि तिथला विषारी वायू क्षणात जीव घेतो. २०१३ च्या कायद्याने गटार व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यावर बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ती २०२३ मध्ये ३० लाख केली. तरीही आत उतरणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. महाडच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये उभा राहिलेला समाज पुन्हा घाणीत उतरण्यासाठी नाही. ठेकेदाराने आपल्या गल्लीत माणूस उतरवला, तर काम थांबवून यंत्राची मागणी करणे हे आपले कर्तव्य आहे.

मग युवकांनी काय करावे? एप्रिल-मेमध्ये गल्लीतल्या प्रत्येक जाळीची आणि चेंबरची यादी करा, फोटो काढा. तुंबलेल्या ठिकाणांची लेखी तक्रार येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. नालेसफाई झाली असे सांगितले, तर जागेवर जाऊन पाहा. माहितीच्या अधिकारात कामाचा आदेश, मोजमाप आणि देयके मागा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असल्याने अर्ज वेळेत करा. पावसाळ्यात प्रत्येक जाळीची जबाबदारी दोन घरांकडे द्या.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. विहारात ग्रंथवाचनाला बसण्याआधी विहारासमोरची जाळी पाहून घेऊ. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आईला रात्री धान्याचा डबा कॉटवर उचलून ठेवावा लागू नये, एवढ्यासाठी तरी.

जयभीम.