मधुमेहातील आणीबाणी : आधी पाणी, मग इन्शुलिन

रक्तशर्करा अतोनात वाढून ग्लानीत गेलेला रुग्ण दाखल होताच नातेवाईक विचारतात, ‘इन्शुलिन लगेच का देत नाही?’ देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या माहितीसाठी या प्रश्नाचे उत्तर येथे देत आहोत.

इन्शुलिन अपुरे पडले की शरीर चरबी जाळू लागते व रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. उलट्या, पोटदुखी व खोल, जलद श्वास ही त्याची लक्षणे होत. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः वृद्धांमध्ये, आम्ले फारशी नसतात. मात्र शर्करा ६०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते. दोन्हींत लघवीवाटे पाणी व क्षार निघून जातात. ही तूट सहा ते नऊ लिटरपर्यंत असू शकते. म्हणून प्रथम सलाईन दिले जाते. त्याच वेळी पोटॅशियम तपासतात. कारण इन्शुलिनमुळे ते रक्तातून पेशींत जाते. ते आधीच कमी असल्यास हृदयक्रिया बिघडून जीव धोक्यात येतो. अशा वेळी प्रथम पोटॅशियम भरून काढून मगच इन्शुलिन सुरू होते.

१९२२ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा उपचार यशस्वी होण्यापूर्वी आम्लवाढीचा हा विकार बहुधा प्राणघातकच ठरे. आज बहुतेक रुग्ण वाचू शकतात. पण त्यासाठी दर तासाला शर्करा, ठरावीक तासांनी क्षार तपासणारी प्रयोगशाळा व रात्रभर जागी परिचारिका लागते. सलाईनची बाटली स्वस्त आहे. खरा खर्च या अखंड देखरेखीचा आहे. आपली देणगी तेथे उपयोगी पडते.

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. फडाजवळच्या कोपीत फ्रीज नसतो, दवाखाना दूर असतो. त्यांना आमची विनंती आहे, की निघण्यापूर्वी पुरेसे औषध सोबत घ्यावे. इन्शुलिनची बाटली पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. ताप वा जुलाबात जेवण कमी झाले, तरी इन्शुलिन स्वतःहून बंद करू नये; आजारपणात शर्करा वाढते. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी व पाणी पीत राहावे. उलट्या थांबत नसतील, धाप लागली वा ग्लानी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दात्यांचे साहाय्य आणि कुटुंबीयांची दक्षता यांच्या बळावरच हे प्राण वाचतात.