सोसायटीची टाकी धुताना

टाकी धुवायच्या आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागते, की उद्या सकाळी नऊपासून पाणी बंद, सभासदांनी भरून ठेवावे. मग फोन सुरू होतात. दोनपर्यंत नक्की येईल ना? आमच्याकडे पाहुणे आहेत, उद्याच का ठेवलं? टाकीत काय सापडणार आहे हे मात्र कोणी विचारत नाही. मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या जुन्या सोसायटीत पाण्याचं खातं माझ्याकडे आल्यापासून झाकण उघडल्यापासून ते परत बसेपर्यंत मी तिथे उभी असते. प्रत्येक सोसायटीत समितीतलं कोणीतरी असं उभं राहायलाच हवं.

मुंबईला रोज जवळपास चार हजार दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. तानसाचं धरण १८९२ सालचं. त्यानंतर वैतरणा आणि भातसा आले. शंभरेक किलोमीटरवरून आलेलं हे पाणी गाळून, त्यात क्लोरीन घालून शहरात सोडलं जातं. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला! त्यांच्या अंगणातलं पाणी आपल्या मीटरपर्यंत स्वच्छ पोचतं आणि मीटरच्या पुढे आपण ते नासवतो, याची मला खरोखर चीड येते. मीटरपुढची जबाबदारी सोसायटीची आहे, महापालिकेची नाही.

आपल्याकडे पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं, त्यामुळे ते साठवावंच लागतं. ते आधी जमिनीखालच्या सक्शन टाकीत उतरतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. धुताना आधी खालची टाकी घ्यायची, मग वरची. क्रम उलटा झाला तर खालचा गाळ नुकत्याच धुतलेल्या टाकीत जाऊन बसतो. आदल्या रात्री इनलेटचा व्हॉल्व्ह बंद केला की बरंचसं पाणी लोकांच्या वापरातच संपतं आणि गटारात कमी जातं. तरी तळाशी फूटभर उरतंच, कारण पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या खालचं पाणी पंपाला ओढता येत नाही.

ते काढल्यावर तळ दिसतो. भिजवलेल्या शिकेकाईसारखा काळपट तपकिरी, बोटभर जाडीचा गाळ. त्यात सिमेंटचे पोपडे, लोखंडी पायऱ्यांचा गंज आणि हटकून झुरळं. झुरळं शिरतात कुठून हे एकदा खाली बसून नीट पाहिलं. पाण्याची पातळी कळावी म्हणून बसवलेल्या सेन्सरची वायर झाकणाखालून नेलेली होती आणि तिच्यामुळे झाकण एका बाजूने उचललेलं राहत होतं. फट जेमतेम बोटभर, पण झुरळाला तेवढी पुरते, डासाला तर रग्गड होते. मलेरिया पसरवणारा शहरी ॲनॉफिलिस अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून तर महापालिकेची माणसं गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि वर चढून तपासायला शिडी मागतात. आम्ही वायरसाठी बाजूने वेगळं भोक पाडून ते सील केलं आणि ओव्हरफ्लो पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधली. खर्च किरकोळ आला.

घासण्याचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा फार किचकट असतं. पाण्याची पातळी जिथे वरखाली होते तिथे भिंतीवर पिवळट, बुळबुळीत पट्टा धरतो, तो नुसत्या जेटने निघत नाही. तिथे हातात ब्रश घेऊन रगडावं लागतं. कोपरे आणि पायऱ्यांची मागची बाजू हमखास सुटते. शेवटचं चिखलपाणी फडक्याने टिपून बादलीत पिळावं लागतं. आमच्याकडे येणारा मुलगा हे गुडघ्यावर बसून, कपाळाला विजेरी बांधून करतो. ‘ताई, इथे बघा,’ म्हणत तो कोपऱ्यावर उजेड टाकतो, तेव्हा त्याच्या कामातली चोखाई दिसते. मग भिंतींना हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचिंगचं, द्रावण मारायचं, अर्धा तास ठेवायचं, धुऊन काढायचं आणि टाकी भरायची. डाग जात नाहीत म्हणून कोणी ॲसिडची बाटली काढली तर तिथेच थांबवा. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद टाकीतल्या माणसाला पळायला जागा नसते.

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं ते या माणसाबद्दलच. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या भूमिगत टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. टाकी पाण्याची असली म्हणजे आत हवा चांगली असते, हा समज जिवावर बेततो. बराच काळ बंद राहिलेल्या टाकीत प्राणवायू कमी झालेला असू शकतो. आत डिझेल किंवा पेट्रोलवरचा पंप उतरवला तर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. मेणबत्ती किंवा कंदील सोडून पाहायची जुनी पद्धत तो वायू ओळखू शकत नाही. सगळी झाकणं बऱ्याच आधी उघडायची आणि ब्लोअरने आत ताजी हवा सोडत राहायचं. आत जाणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर हवा, आणि दोराचं दुसरं टोक धरून वर एक माणूस कायम हवा, ज्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. दोराने ओढायचं आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करायचा. वाचवायला गेलेले जातात, असं अशा अपघातांत पुन्हा पुन्हा घडलं आहे.

काम संपल्यावर अंगभर चिखल आणि ब्लीचिंग घेऊन ही माणसं गेटजवळच्या नळावर हातपाय धुतात. वॉचमनची मोरी त्यांना साबणासकट उघडून द्यायला काय हरकत आहे? आमच्या समितीत यावर चर्चा करावी लागली, याचं वाईट वाटतं.

टाकी भरली की क्लोरीन तपासायचं छोटं किट घ्यावं. एक नमुना मीटरजवळच्या नळाचा आणि एक टाकीचं पाणी येणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या नळाचा. थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे; भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पुढेही महिन्याकाठी हे करत राहावं. मीटरपाशी पिवळं आणि घरात बिनरंगी, तर दोष आपल्या टाकीत किंवा पाइपांत. मीटरपाशीच रंग नाही किंवा वास येतोय, तर वॉर्डाच्या जल खात्याकडे लेखी तक्रार आणि तोवर पाणी उकळून पिणं. या एका तपासणीने सोसायटीतले अर्धे वाद मिटतात.

दर सहा महिन्यांनी कोटेशनं येतात आणि सभेत ठरलेला प्रश्न येतो, की दुसरा स्वस्तात करतो तर यालाच का द्यायचं? गेल्या वेळी मी दोन्ही कागद सगळ्यांसमोर ठेवले. स्वस्त कोटेशनात ब्लोअर नव्हता आणि वर दोर धरून उभा राहणारा माणूसही नव्हता. फरकाची रक्कम घरटी वाटली तर महिन्याला एका वडापावचीही होत नव्हती. महागडं कोटेशन मंजूर झालं, आणि ब्लोअर, पट्टा, दोर आणि वरचा माणूस हे चारही आता वर्क ऑर्डरमध्येच लिहिलेले असतात.