जुन्या बोटीची नवी पट्टी

बोट कितीही सावकाश धक्क्याला लावा, ती थोडीतरी आपटतेच! 1960 च्या सुमारास अमेरिकेत फायबरग्लासच्या पुष्कळ मोटारबोटी बनल्या. त्यांचा खालचा व वरचा भाग निरनिराळ्या साच्यांतून काढून कडेला जोडत. या जोडावर ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्या खाचेत व्हायनिलची मऊ पट्टी असे.

वर्षानुवर्षे उन्हात राहून व्हायनिल मऊ ठेवणारी द्रव्ये निघून जातात व ते कडक होते. जुन्या बोटी दुरुस्त करणारे हौशी लोक म्हणूनच ही पट्टी बदलतात. केवळ शोभेसाठी? छे! गणित करा. 800 किलोग्रॅमची बोट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आली, तर गतिज ऊर्जा 100 ज्यूल. ऊर्जेला थांबण्याच्या अंतराने भागले की सरासरी बल मिळते. पट्टी 5 मिलिमीटर दबली तर 20,000 न्यूटन. 1 मिलिमीटरच दबली तर 1,00,000 न्यूटन! जोड उकलायला आणखी काय हवे?

नवी पट्टी गरम पाण्यात मऊ करून, बोटीच्या निमुळत्या टोकाशी वळवून बसवतात. उतावळे लोक ती ताणून लगेच कापतात. निवल्यावर पट्टी आखडते, शेवटी फट पडते. जाणकार टोक लांब सोडून रात्रभर थांबतात, मग कापतात.