पडद्यावरचा रंग आणि व्यापाऱ्याची पत

कापडाच्या व्यापारात आज ग्राहक मालाला हात लावण्याआधी तो पडद्यावर पाहतो. घरातील नवी पिढी नक्षीकाम, छायाचित्रे आणि कॅटलॉग वर्कस्टेशन लॅपटॉपवर तयार करते. मात्र लॅपटॉप घेताना चौकशी होते ती प्रोसेसरची आणि किमतीची. पडदा दुर्लक्षितच राहतो.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अनेकदा '४५ टक्के एनटीएससी' असा उल्लेख असतो. असा पडदा एसआरजीबी या प्रमाणित रंगकक्षेचा दोन तृतीयांशाहूनही कमी भाग दाखवतो. त्यावर डाळिंबी रंग फिका दिसतो. तो गडद करून छायाचित्र पाठवले, की ग्राहकाच्या चांगल्या पडद्यावर भडक उमटते. माल परत येतो आणि पतही उणावते. म्हणून १०० टक्के एसआरजीबी, आयपीएस पॅनेल आणि किमान ३०० निट्स उजळपणा यांचा आग्रह धरावा.

वायरलेसचाही विचार हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे पोहोचतात, पण गर्दीत मंदावतात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान असतात, पण भिंतींमुळे क्षीण होतात. पेढीवर अनेक उपकरणे एकाच वेळी चालत असतील, तर वाय-फाय ६ हितावह. मात्र राउटरही त्याच क्षमतेचा असावा.

वायरलेसची उणीव पुढे यूएसबी अडॅप्टरने भरून काढता येते. पडदा बदलणे मात्र खर्चिक. म्हणून खरेदीला जाताना पेढीतील एक कापड आणि दिवसाच्या उजेडात काढलेले त्याचे छायाचित्र सोबत न्यावे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत, मगच निर्णय घ्यावा.